कोकणातून अभिनयाकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर मे महिन्यात कणकवलीच्या आसपास आम्ही नाटकाचं शिबिर घेतो. शिबिर उरकलं की व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात, ते पुढच्या मेपर्यंत थांबत नाहीत. देवगड, राजापूर, गुहागर, श्रीवर्धन, कुठूनही येतात. मी बारा वर्षं मुंबईत नाटक-मालिकांत काढली, आता गावी असतो आणि बोलावलं की जातो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. आधी हे वाचा, मग फोन करा. जेवणाच्या वेळेला करू नका.

१. मला ॲक्टर व्हायचंय. सुरुवात नेमकी कुठून करू?

तुमच्या वाडीतल्या पुढच्या नाटकापासून. हे ऐकून मुलं हिरमुसतात. त्यांना अंधेरीचा पत्ता हवा असतो. पण हिशोब करून बघा. मुंबईत काम शोधणारा नवा नट वर्षभरात खऱ्या प्रेक्षकांसमोर किती वेळा उभा राहतो? बऱ्याचदा एकदाही नाही. त्याचं वर्ष ऑडिशनच्या खोलीत जातं आणि समोर असतो तो एक कॅमेरा आणि जांभया देणारा असिस्टंट. इथे गणपतीत, शिमग्यात, जत्रेत, सार्वजनिक पूजेला स्टेज उभं राहतं आणि समोर तीनशे माणसं बसतात. आवडलं नाही तर ती तोंडावर सांगतात.

माझा पहिला पार्ट शिपायाचा. वाक्य एकच: "महाराज, खलिता आला आहे." एन्ट्री घेतली, मुजरा केला, वाक्य म्हटलं, आणि लक्षात आलं की खलिता विंगेतच राहिलाय. महाराज हात पुढे करून उभे. पहिल्या रांगेतून एक आजोबा ओरडले, "मेल्या, खलितो खंय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "घोड्यार रवलो महाराज, हाडतंय." म्हणजे घोड्यावर राहिला, आणतो. मांडव हसून फुटला. नाटक बसवणारे मास्तर विंगेत माझा कान धरून उभे होते. ऐतिहासिक नाटकाचा मी तमाशा केला म्हणून आधी ओरडले, मग म्हणाले, "पण थांबला नाहीस." अडकल्यावर न थांबणं ही गोष्ट मला पुढे कुठल्याच वर्गात शिकवली गेली नाही.

२. मी दशावतारात काम करतो. भाऊ नमनात (रत्नागिरीकडच्या लोकनाट्यात) आहे. मुंबईवाले याला अनुभव धरतात का?

धरायला लावायचा. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठला पार्ट करणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे जुळतात. मागे पेटी, पखवाज आणि झांज. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की रोज नवं गाव, रात्री उशिरा सुरुवात, पहाटेपर्यंत प्रयोग. शहरात ज्याला 'इम्प्रोव्हायझेशन' म्हणून पैसे घेऊन शिकवतात ते तुम्ही पेटारा उघडून, स्वतःचा रंग स्वतः लावून रोज करता. नमनातही गौळणीपासून वगापर्यंत एकाच रात्रीत सूर बदलावा लागतो. त्यामुळे बायोडाटात 'लोककलेची आवड' असलं काही लिहू नका. किती वर्षं, कुठल्या मंडळात, राजपार्टी की स्त्रीपार्टी की नारद, तलवारीची लढत येते का, गाता का, असं नीट मांडा.

कॅमेऱ्यासमोर मात्र दोन सवयी नडतात. एक म्हणजे आवाज. देवळाच्या मागच्या पारापर्यंत पोचवायची सवय असते आणि इथे माइक छातीवर असतो. दुसरी म्हणजे वाक्याच्या शेवटी प्रेक्षकांकडे बघून टाळीची वाट पाहणं. दोन्ही सुटतात, पण महिनाभर रोज मोबाइलवर स्वतःला बघावं लागतं. बघवत नाही, तरी बघा.

३. अभिनयाचं रीतसर शिक्षण घेतलंच पाहिजे का? घ्यायचं तर कुठे?

घेतलंच पाहिजे असं नाही, पण चांगल्या ठिकाणी मिळत असेल तर सोडू नका. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ, आणि प्रवेशाला पदवी लागते. बारावीनंतर शिक्षण सोडून मुंबई गाठायला निघालेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स कलिना संकुलात आहे, पडद्यासाठी पुण्याचं एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. सिंधुदुर्गातल्या मुलांना सहसा सुचत नाही ते पणजीचं कला अकादमीचं नाट्यशिक्षण. सावंतवाडीहून पणजी मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, आणि नाटकाची भूक गोव्यातही आपल्याइतकीच. प्रवेशाच्या अटी आणि वयोमर्यादा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा, कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

'तीन महिन्यांत हिरो' छापाच्या खासगी वर्गांबद्दल विचारत असाल तर प्रश्न ९ वाचा. कोकणात जाहिरातींचे फ्लेक्स लावणारे निम्मे वर्ग तिथे मोडतात.

४. कॉलेजात आहे. नाटकाचं वातावरण कुठे मिळेल?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणजे युवा महोत्सवात तुमची एकांकिका किंवा स्किट जिल्ह्याच्या फेरीतून पुढे गेलं तर अंतिम फेरीत तुम्ही मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांसमोर उभे राहता, तेही कॉलेजच्या खर्चाने. हे दार तीन वर्षंच उघडं असतं. पहिल्या वर्षाला नाव द्या. तिसऱ्या वर्षी धावत येऊ नका.

कॉलेजबाहेर सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहे. कॉलेजांच्याच गटांसाठी 'लोकसत्ता'च्या लोकांकिका स्पर्धेची रत्नागिरी विभागाची फेरीही असते. कुडाळला बाबा वर्दम थिएटर्स, कणकवलीला वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान, आणि संगीत नाटकाची ओढ असेल तर रत्नागिरीत खल्वायन. यातल्या कुठल्याही ठिकाणी तालमीला जाऊन पहिले सहा महिने खुर्च्या लावा, प्रकाशयोजनेच्या वायरी गुंडाळा. पार्ट आपोआप येतो, कारण कुणीतरी आजारी पडतंच.

स्वतःच गट काढून नाटक करणार असाल तर एक सरकारी पायरी विसरू नका. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. दरवर्षी कुठला तरी गट हे आठ दिवस आधी आठवून धावपळ करतो. आणि परीक्षकांना निकालानंतर गाठून विचारा, "माझं काय चुकलं?" भांडायला जाऊ नका, विचारायला जा. मला पहिलं व्यावसायिक नाटक अशाच एका परीक्षकांमुळे मिळालं. त्यांनी त्या वर्षी मला उत्तेजनार्थसुद्धा दिलं नव्हतं.

५. माझ्या बोलण्यात मालवणी हेल आहे. मुंबईत हसतील का? आणि तो घालवू का?

हसतील. पहिले दोन महिने हसतील, मग त्यांनाच एका पार्टासाठी मालवणी बोलणारा हवा असेल. मालवण तालुक्यातल्या रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळींनी ही बोली मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर नुसती नेली नाही, तिच्या जोरावर नाट्यगृहं भरली. त्याआधी मालवणी म्हणजे नाटकातला गडी, एवढाच हिशोब होता.

म्हणून घालवू नका, पण प्रमाण मराठी वेगळी कमवा. दोन्ही भाषा दोन खिशांत हव्यात, हवी ती बाहेर काढता आली पाहिजे. एकच खिसा असेल तर आयुष्यभर विनोदी गाववाला करत बसाल. उपाय कंटाळवाणा आहे. रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायचा आणि रेकॉर्ड करून ऐकायचा. 'न' आणि 'ण' वेगळे ऐकू येतायत का? वाक्याचा शेवट वर उचलला जातोय का? आपला हेल शब्दांपेक्षा तिथेच जास्त पकडला जातो. संगमेश्वरी बोलणाऱ्यांनाही हेच लागू. त्यांनी मालिकेत मालवणी पार्ट मिळाला म्हणून मालवणीची नक्कल करू नये, कुडाळचा माणूस दोन वाक्यांत ओळखतो. मालिकांच्या लेखकांनी आपली बोली म्हणजे प्रत्येक वाक्याला 'असा' जोडणं एवढंच समजून घेतलंय, त्याचं काय करायचं हा प्रश्न मात्र मला कुणी विचारत नाही.

६. पोर्टफोलिओला किती खर्च करू?

सुरुवातीला शून्य. चार फोटो लागतात: समोरून चेहरा, बाजूने चेहरा, पूर्ण उभा, एक हसरा. साधा एकरंगी शर्ट किंवा कुर्ता, पांढरी भिंत, सकाळचा उजेड, मित्राचा बरा मोबाइल. चेहरा गोरा करणारे फिल्टर लावू नका. फोटो बघून बोलावतात आणि दारात वेगळाच माणूस उभा दिसला की तिथेच नाव कटतं. काम मिळू लागलं की मग नीट फोटोग्राफरकडे जा.

७. ऑडिशनचा व्हिडिओ घरूनच पाठवा म्हणतात. गावात तो नीट कसा करायचा?

हल्ली पहिली चाळणी अशीच होते, आणि गावात राहणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडलंय. म्हणून सविस्तर सांगतो.

जागा: खळ्यात, तुळशीसमोर करायचा मोह होतो. करू नका. वारा, कोंबडे, बाजूच्या वाडीतली बाइक, सगळं येतं. ओटीवर किंवा पडवीत पाठ भिंतीकडे आणि तोंड उजेडाकडे करून उभे राहा. खिडकी किंवा दार पाठीमागे आलं तर चेहरा काळा पडतो. सकाळी आठ-नऊची वेळ सगळ्यांत बरी.

मोबाइल: वेगळी सूचना नसेल तर आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. ट्रायपॉड नसेल तर टेबलावर तांदळाचा डबा आणि त्याला टेकवून मोबाइल. कुणाच्या हातात देऊ नका, श्वासागणिक हलतो.

आवाज: पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, त्यावर साधा उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे दोरीवर दोन गोधड्या टाकणे. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या घरात रेकॉर्डिंगचा नाद सोडा, कौलारू घर गाठा. आमच्या शिबिरातल्या एका मुलीने श्रावणातल्या धो धो पावसात काकांच्या बंद गाडीत बसून ऑडिशन दिली, काचेवर पाणी ओघळतंय आणि संवाद प्रेमभंगाचा. मुंबईवाल्यांना वाटलं मुद्दाम केलंय. पार्ट मिळाला.

ओळख: नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, येणाऱ्या भाषा. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून. हसू नका, हे खरंच मागतात. त्यानंतर थोडं थांबून प्रवेश सुरू करा. समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कुणाला तरी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभं करा, आणि त्याला आधीच बजावा की अभिनय तू करायचा नाहीस. आमच्याकडे भाऊ नेहमी जास्त रंगतो.

पाठवणं: व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकलात तर दर्जा उतरतो, डॉक्युमेंट म्हणून टाका. फाइलला स्वतःचं नाव द्या. रेंज नसेल तर सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर जायची वेळ धरूनच रेकॉर्डिंग उरका. 'नेटवर्क नव्हतं' हे कारण चालत नाही, त्यांच्याकडे तेवढ्यात दोनशे व्हिडिओ आलेले असतात.

८. ऑडिशन आहेत हे कळतं कसं?

तीन वाटा. कास्टिंग करणाऱ्यांची स्वतःची इन्स्टाग्राम पानं, कलाकारांचे व्हॉट्सॲप गट, आणि तुमच्याबरोबर काम केलेली माणसं. तिसरी वाट सगळ्यांत खरी आहे आणि ती प्रश्न ४ मधून येते. गटात आलेला मेसेज दहा हातांतून फिरलेला असतो, म्हणून व्हिडिओ पाठवण्याआधी निर्मिती संस्थेचं नाव शोधून खात्री करा.

९. निवड झाली म्हणाले, पण नोंदणीचे पैसे भरायला सांगतायत. भरू का?

नाही. प्रश्न इथेच संपायला हवा होता, पण आठवड्याला एक तरी असा मेसेज येतो, म्हणून माझीच गोष्ट सांगतो. मुंबईत पहिल्याच वर्षी अंधेरीत एका समन्वयकाने, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाने, मला 'आर्टिस्ट कार्ड' काढून देतो म्हणून अकरा हजार घेतले. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, भिंतीवर मोठ्या नटांबरोबरचे फोटो, बिस्किटं-चहा. पंधरा दिवसांनी गेलो तर त्याच दारावर कुरिअर कंपनीची पाटी. ते पैसे आईने काजूचे साठवलेले होते. मी घरी चार वर्षं सांगितलं नाही.

काम देणारा माणूस नटाकडून पैसे घेत नाही. नोंदणी, पोशाख, कार्यशाळा, विमा, 'परत मिळणारं डिपॉझिट' ही सगळी एकाच खेळाची नावं. समन्वयक तुमच्या मिळालेल्या मानधनातून टक्केवारी कापून घेतो, ही धंद्याची रीत आहे, पण ती काम झाल्यावर. संघटनेचं सभासदत्व हवं असेल तर ते थेट संघटनेच्या कार्यालयातून घ्या. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, म्हणजे सिंटा, १९५८ पासून मुंबईत आहे. तिचं कार्ड रस्त्यावरचा माणूस देऊ शकत नाही, आणि नवख्याला पहिल्या ऑडिशनला त्याची गरजही नसते. पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत केलात तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लाजून बसू नका. मी बसलो होतो.

१०. मुंबईला कायमचं कधी जावं आणि किती पैसे घेऊन?

कुणीतरी दुसऱ्यांदा बोलावलं की. एकदा बोलावणं योगायोग असतो. दुसऱ्यांदा बोलावतात तेव्हा तुमचं काम त्यांच्या लक्षात राहिलेलं असतं.

हाताशी सहा महिन्यांचं भाडं, जेवण आणि लोकलचा पास एवढे पैसे हवेत, वर डिपॉझिट वेगळं. राहायला कुठे? गिरणगावात अजून काही गावांच्या मंडळांच्या खोल्या आहेत. तिथे वळकटी टाकायला जागा मिळते, पण रात्री बाराला शूटिंगहून येऊन दिवा लावलात तर सकाळच्या पाळीवाले उठतात. विचारून जा, नियम पाळा. विरार-डोंबिवलीच्या काकांकडे राहणार असाल तर सुरुवातीलाच दिवस ठरवून घ्या, आणि महिन्याला काहीतरी हातावर ठेवा. काकू नको म्हणते, तरी ठेवा. ऑडिशन मुख्यतः वर्सोव्याच्या आराम नगर भागात, शूटिंग गोरेगावची चित्रनगरी, मढ, ठाण्याचा घोडबंदर रस्ता. घर शोधताना नकाशा त्या हिशोबाने बघा.

दिवसाची नोकरी करणं यात कमीपणा नाही. फक्त दुपारी दोन तास सुटता येईल अशी बघा.

११. गावात राहूनच हे करता येणार नाही का? आणि संध्याकाळी फोन आला, "उद्या सकाळी या", तर?

बऱ्याच अंशी येतं. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावतेय, आणि रात्री बसून सकाळी मुंबईत उतरायला कोकणकन्या आणि तुतारी आहेत. अडचण तिकिटाची. आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तत्काळ आदल्या दिवशी सकाळी, वातानुकूलित १० वाजता आणि स्लीपर ११ वाजता. संध्याकाळी पाचला फोन आला तर आज रात्रीच्या गाडीचं तत्काळ कालच संपलेलं असतं. मग जनरल डबा, नाहीतर हायवेवरची खासगी ट्रॅव्हल्स. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा, ऐन वेळी होत नाही. गणपतीच्या आठवड्यात कुणी उलट दिशेने बोलावलं तर नशीब समजा, चाकरमानी इकडे येत असतात तेव्हा तिकडे जायला जागा मिळते.

पण आधी नम्रपणे विचारा: "मी कोकणात असतो. आज रात्री व्हिडिओ पाठवला तर चालेल का?" दहातले सहा हो म्हणतात. सकाळी उतरल्यावर थेट ऑडिशनला जाऊ नका. दादरला तोंड धुवा, शर्ट बदला, काहीतरी खा. रात्रभर जनरल डब्यात उभा राहिलेला चेहरा कॅमेरा लपवत नाही.

१२. आमच्या गावात शूटिंग आलंय. गर्दीत उभं राहायला बोलावलंय. जाऊ?

जा. सावंतवाडीजवळच्या आकेरीत मोठी मालिका झाली, आणि तेव्हापासून आपल्याकडचे वाडे, किनारे, देवळं शोधत युनिट येतात. सेट कसा चालतो हे बघायला यापेक्षा स्वस्त शाळा नाही. दिवसाचे किती, जेवण आहे का, हे आधी विचारा. कॅमेऱ्याकडे बघू नका. आज घातलेला शर्ट धुवून तसाच ठेवा, उद्या त्याच प्रवेशाचा उरलेला भाग असतो आणि तोच शर्ट लागतो. नटांबरोबर सेल्फी काढत फिरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलवत नाहीत. दिग्दर्शकाच्या सहायकाला दिवसअखेरीस एकदाच नाव-नंबर द्या. वर्षानुवर्षं गर्दीतच उभे राहू नका मात्र, तो वेगळा व्यवसाय आहे आणि चेहरा तिथेच अडकतो.

१३. पैसे किती मिळतात आणि कधी?

आकडा सांगत नाही, माणसागणिक बदलतो. रीत सांगतो. व्यावसायिक नाटकात प्रयोगागणिक पैसे, त्याला 'नाईट' म्हणतात. प्रयोग नाही तर पैसे नाहीत, आणि तालमीचे मिळतील की नाही ते आधी विचारा. मालिकेत दिवसावर हिशोब, शिफ्ट साधारण बारा तासांची, आणि पैसे हातात यायला बहुधा ९० दिवस लागतात. म्हणजे जूनमध्ये काम केलंत तर गणपतीला खिसा रिकामाच असतो. प्रश्न १० मधले सहा महिने उगाच लिहिलेले नाहीत.

पॅनकार्ड लागतं. मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो. वर्षाचं उत्पन्न कराच्या मर्यादेत असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, आणि कित्येक मुलं तो तसाच सोडून देतात. करार सही करण्याआधी दोन कलमं वाचा: मालिका चालू असताना दुसरं काम करता येईल का, आणि गावाहून येण्याजाण्याचा व राहण्याचा खर्च कुणाचा. तोंडी 'बघू' म्हणजे तुमचा.

१४. रंग सावळा आहे, उंची पाच-तीन. होईल का काही?

मुरुडचे नाना पाटेकर पोस्टरवरचा गुळगुळीत हिरो म्हणून चालले नाहीत. पुढचा प्रश्न.

१५. मुलीला या क्षेत्रात पाठवायला भीती वाटते. तिच्यासाठी काय काळजी घ्यावी? (हा बहुतेक आया विचारतात)

भीती खोटी नाही, म्हणून उत्तरही गोड करत नाही. ऑडिशन ऑफिसात किंवा स्टुडिओत होते, हॉटेलच्या खोलीत नाही, रात्री नऊनंतर नाही. पहिल्या काही वेळा कुणीतरी सोबत जावं आणि बाहेर बसावं. त्याला हरकत घेणाऱ्याकडे काम करायचं नाही. कपडे, जवळिकीचे प्रवेश याबद्दल जे ठरेल ते सही करण्याआधी लेखी. रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडण्याची सोय कोण करणार हेही आधी विचारा.

२०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, आणि ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. सेट हेही कामाचं ठिकाणच. पण मी पाहिलंय त्याप्रमाणे सगळ्यांत उपयोगी पडते ती गोष्ट वेगळीच: मुलीला घरी फोन करून 'मी हे काम सोडून येतेय' असं सांगता आलं पाहिजे, आणि पलीकडून 'आम्ही आधीच सांगितलं होतं' हे वाक्य येता कामा नये.

१६. आमची आठ वर्षांची मुलगी रील्सवर छान अभिनय करते. मालिकेत घालायची आहे.

कायद्याने बालकलाकाराला परवानगी आहे, पण अटींवर. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांहून अधिक नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची असते. मुलीच्या कमाईतला किमान २० टक्के भाग तिच्या नावे बँकेत मुदत ठेवीत गेला पाहिजे. शाळा बुडू द्यायची नाही ही जबाबदारीही निर्मात्याची. या अटी वाचून दाखवल्यावर निर्माता हसला तर तिथून उठा.

माझं मत विचाराल तर बारा वर्षांपर्यंत बालनाट्य पुरे. रीलमध्ये मूल स्वतःच्या मनाने करतं, सेटवर तेच सतराव्यांदा करावं लागतं.

१७. वय ३९, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. उशीर झाला का?

नायक व्हायला झाला. तलाठी, सरपंच, वकील, मुलीचा बाप व्हायला आत्ता कुठे वेळ झालीय, आणि या पार्टांना चेहऱ्यावर खरं वय असलेली माणसं कमी मिळतात. चिपळूणचे काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते, आज ठाण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. नोकरी सोडू नका. मात्र सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर मानधनाचं काम घेण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. टीव्हीवर दिसलात की कुणीतरी तक्रार करतंच, आणि तो बहुधा स्टाफरूममधलाच असतो. शनिवार-रविवारचे प्रयोग आणि मे महिना, एवढ्यात सुरुवात होते.

१८. घरचे म्हणतात, बाग कोण बघणार?

बरोबर विचारतात. आंब्याच्या हंगामात घरी राहा, जूननंतर तुमचं वर्ष तुमचं, असा व्यवहार मी वडिलांशी केला होता. एप्रिलमध्ये दोन चांगली कामं गेली. पण जून ते मार्च घरातून कुणी एक शब्द बोललं नाही, आणि भाड्याला पैसे कमी पडले तेव्हा मनीऑर्डर आली. 'कलाकाराला बंधन नको' वगैरे बोलणाऱ्यांच्या घरी बहुधा बाग नसते.

१९. दोन वर्षं मुंबईत झाली. मोठं काही मिळालं नाही. परत येऊ का?

ऑडिशन किती दिल्या ते मोजू नका. दुसऱ्या वर्षात पहिल्या वर्षापेक्षा पुन्हा बोलावणी जास्त आली का, ते बघा. आली असतील तर आणखी एक वर्ष काढा. एकही आलं नसेल, पैसे संपलेत आणि सकाळी उठवत नसेल तर या. पार्ट न मिळणं वेगळं आणि झोप उडणं वेगळं. दुसरं चालू असेल तर तिसऱ्या वर्षाची वाट बघू नका.

येताना गुपचूप येऊ नका. ज्यांच्याबरोबर काम केलं त्या सगळ्यांना एक मेसेज टाका: आता कणकवलीला असतो, व्हिडिओ त्याच दिवशी पाठवतो, बोलावलंत तर दुसऱ्या सकाळी दादरला हजर. मग तो शब्द पाळा. प्रश्न ७ आणि ११ त्यासाठीच लांबवलेत. मला शेवटच्या दोन कामांचे फोन गावीच आले. एक आला तेव्हा मी आंब्याच्या पेटीत पेंढा भरत होतो, आणि समोरची बाई विचारत होती, "दाढी आहे का सध्या?" नव्हती. "वाढवतो" म्हटलं.